माना कॅम्प

रायपूरच्या विमानतळावर उतरणारा माणूस टॅक्सी करून सरळ शहराकडे जातो. जवळच्या माना कॅम्पकडे वळायचं त्याला कारण नसतं. मला होतं. एका बंगाली आत्मकथनाचा अनुवाद करताना मी ‘उद्वास्तु’ या शब्दापाशी थांबले होते, आणि त्यातलं बरंचसं आयुष्य इथे गेलेलं होतं.

१९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला. ६ एप्रिलला विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले. इंग्रज सरकारने देशभर घाईघाईने विमानतळ बांधले, त्यांतला एक मानाचा. युद्ध संपलं, सैन्य गेलं. १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या दंगलींनंतर आलेल्या बंगाली कुटुंबांना, त्यांतल्या बहुसंख्य नमःशूद्रांना, याच ओसाड तळावर आणून ठेवलं. इथून पुढे त्यांना दंडकारण्य प्रकल्पात, बस्तर-कोरापुटच्या जंगलात जमिनी मिळायच्या होत्या. रामाच्या वनवासाला निदान मुदत होती. यांना ‘ट्रान्झिट कॅम्प’ एवढंच सांगितलं होतं.

या शब्दाला मराठीत प्रतिशब्द शोधावा लागत नाही. संक्रमण शिबिर म्हटलं की मुंबईकराला कळतं, की तिथे माणसं तात्पुरती जातात आणि म्हातारी होतात.

धावपट्टीचे तुकडे शोधत हिंडणारे हौशी लोक असतात. मला युद्धाची खूण पाटीवरच दिसली. वस्ती आता नगरपंचायत आहे, पण नाव अजून ‘माना कॅम्प’. पुण्याच्या कॅम्पात राहणाऱ्याला त्या शब्दाने काही टोचत नाही. इथे एका आजींना मी विचारलं, “माशीमा, घर कुठलं तुमचं?” त्यांनी पूर्व बंगालातल्या एका गावाचं नाव सांगितलं. “आणि हे?” “हे कॅम्प.” मागे पक्कं घर होतं, दारात तुळस होती.

१९७८ मध्ये दंडकारण्यातून हजारो लोक बंगालकडे परत निघाले, सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर वसले. १९७९ च्या मे महिन्यात पोलिसांनी त्यांना तिथूनही उठवलं.

‘निर्वासित’ लिहिणं सोपं होतं. पण त्या शब्दात हाकलणाऱ्याचा हात दिसतो. हिंदीतला ‘शरणार्थी’ आसरा देणाऱ्याकडे तोंड करून उभा असतो. ‘विस्थापित’ म्हटलं की आपल्याला कोयनेचे धरणग्रस्त आठवतात. ‘उद्वास्तु’ मात्र मागे राहिलेल्या जागेविषयी बोलतो: वास्तूतून उपटलेला. आपल्याकडे घरात वाईट बोलू नये म्हणतात, कारण वास्तु ‘तथास्तु’ म्हणते. तेव्हा हा शब्द मराठीला परका नाही.

मी तो तसाच ठेवला. संपादकांनी तळटीप मागितली आहे. ती अजून लिहिलेली नाही, कारण तळटिपेत बहुधा ‘निर्वासित’ असंच लिहावं लागेल.