स्वस्त घ्या, पण पारखून!

बालमित्रांनो, एका रेडिओला दोन एरियल कशाला, असं माझ्या वर्गातली मुलं विचारतात. सांगते हं! मी परवाना काढलेली हौशी रेडिओवाली, म्हणजे ‘हॅम’. माझा स्कॅनर कधी लघुलहरी ऐकतो, तर कधी १४५.८०० मेगाहर्ट्‌झ. तिथे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातले अंतराळवीर चक्क शाळकरी मुलांशी बोलतात! लघुलहरींना लांबलचक तार हवी, स्थानकाला मात्र अर्ध्या मीटरची कांडी पुरते. स्थानक १० मिनिटांत क्षितिजाआड जातं. तेवढ्यात केबली कोण बदलत बसणार? म्हणून मध्ये स्विच हवा.

महागडे स्विच प्रक्षेपकाची शेकडो वॅट शक्ती झेलायला बनवतात. आपण तर नुसते ऐकणारे! आपल्याला साधा स्विच चालतो. फक्त तीन गोष्टी पाहा : डबी धातूची आहे ना? जोडणी आपल्या केबलीशी जुळते ना? आपल्याला हव्या त्या मेगाहर्ट्‌झपर्यंत तो चालतो ना? प्लास्टिकच्या डबीत बाहेरची खरखर सहज शिरते.

आणि एक लक्षात ठेवा, स्विच बंद केला म्हणजे वीज अडली, असं मुळीच नाही. आभाळ भरून येताच मोठ्यांकडून केबल काढून घ्या. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हातही लावू नका. पैसे जरूर वाचवा, पण आधी जीव जपा!