दाब दिसत नाही

शिशाच्या जड गोळ्या ओतून स्वतःची काडतुसं भरू लागलेला माणूस लवकरच विचारतो, दारू किती वाढवता येईल? माझं उत्तर दर वेळी तेच असतं. वाढवायची कशाला, ते आधी सांग. चारशे ग्रेनच्या वर वजन असलेल्या गोळीला वेगाची फारशी गरज नसते. ती तेराशे फूट प्रतिसेकंदाच्या आसपास निघाली तरी हरणाच्या आरपार जाते. त्यापुढची प्रत्येक चिमूट दारू खांद्यावर, लाकडी दस्त्यावर आणि नळीवर पडते.

मी कोलोरॅडोत राहतो. इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं घरी भरणं कायदेशीर आहे. भारतात ते परवान्याशिवाय गुन्हा ठरतं, हे मराठी वाचकाला आधीच सांगितलेलं बरं.

माझी सगळी माया पंचेचाळीस-सत्तर या काडतुसावर. अमेरिकी सैन्याने ते १८७३ साली स्प्रिंगफील्ड रायफलीबरोबर स्वीकारलं. मूळ कृती नावातच आहे : पंचेचाळीस शतांश इंचाची गोळी आणि ७० ग्रेन काळी दारू. गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे सव्वीस ग्रॅमहून किंचित जास्त. घोडदळाच्या आखूड कार्बाइनसाठी तीच गोळी ५५ ग्रेन दारूवर भरत, कारण हलक्या बंदुकीचा धक्का सोसवत नसे. पुढे ५०० ग्रेनची गोळी आली. काळी दारू कधीच मागे पडली, तरी काडतूस अजून कारखान्यात बनतं, आणि नेमका तिथेच धोका आहे. वर उघडणाऱ्या झडपेची जुनी स्प्रिंगफील्ड, लिव्हरची मार्लिन आणि आजची रुगर नंबर वन, तिघींमध्ये एकच काडतूस सारख्याच सहजतेने बसतं. दाब सोसण्याची त्यांची ताकद मात्र अगदी वेगळी. म्हणून भरणीच्या चांगल्या पुस्तकांत या एका काडतुसाचे तीन निरनिराळे विभाग असतात. आपली रायफल कोणत्या विभागात बसते, हे ठरवल्याशिवाय दारूच्या डब्याला हात लावू नये.

इतर रायफलींवर शिकून आलेली मंडळी दाबाच्या खुणा शोधतात. प्रायमर, म्हणजे बुडातली दारू पेटवणारी टोपी, चपटा झाला का, पुंगळी अडकत निघाली का, बुडावर घासल्याची चकाकी आली का. या खुणा थर्टी-ऑट-सिक्ससारख्या काडतुसांच्या. तिथे उद्योगाने ठरवलेली कमाल मर्यादा ६०,००० पीएसआय आहे, पंचेचाळीस-सत्तरची फक्त २८,०००. प्रायमर चपटा दिसेपर्यंत जुनी स्प्रिंगफील्ड आपल्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेली असते. ‘खूण दिसली नाही, म्हणजे अजून वाव आहे’ हा हिशेब इथे माणसाचा डोळा घालवू शकतो. मोजण्याचं यंत्र आपल्याकडे नाही. ते पुस्तक छापणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत आहे, म्हणून पुस्तकाचा आकडा मानायचा. सुरुवात त्यातल्या सर्वांत कमी मापापासून, आणि चढायचं ते अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने.

पण दारूच्या आधी गोळी. नळी मोजण्यासाठी तेलाचा हात फिरवलेल्या रिकाम्या नळीतून शुद्ध शिशाचा मऊ गोळा लाकडी दांड्याने हळूहळू ठोकत पलीकडे काढायचा आणि मायक्रोमीटरने मापायचा. नळीच्या खाचांच्या तळाचा जो व्यास मिळेल, त्यापेक्षा गोळी एक-दोन हजारांश इंच जाड हवी. ती बारीक असेल तर तापलेला वायू तिच्या कडेने निसटतो, शिसं वितळवत नेतो आणि नळीच्या आत शिशाचा थर बसतो. असा थर दिसला की नवशिका म्हणतो, गोळी मऊ पडली, आणि आणखी कडक मिश्रण ओततो. थर वाढतो! कमी दाबावर कडक गोळी फुलतच नाही, फट तशीच राहते. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कडकपणा सुमारे ५. वीस भाग शिसं आणि एक भाग कथील घेतलं तर १० च्या आसपास. नव्वद टक्के शिसं, पाच टक्के कथील आणि पाच टक्के अँटिमनीचं लायमन नंबर दोन हे मिश्रण १५ पर्यंत जातं. जुन्या छापखान्यांतला लिनोटाइप धातू २२. माझ्या कामाला वीसास-एक पुरतं, आणि ते सुंदर ओततं.

मिश्रण बदललं की वजनही बदलतं, हे फार जण विसरतात. साच्यावर ४०५ लिहिलेलं असतं ते एका ठरावीक मिश्रणासाठी. त्याच साच्यातून मऊ शिशाची गोळी दहा-पंधरा ग्रेन जड निघू शकते. शिवाय गोळी पुंगळीत किती खोल बसवली, यावर दारूला उरणारी जागा ठरते. जागा घटली की तेवढ्याच दारूचा दाब वाढतो. म्हणून गोळी, मिश्रण, खोली, दारू, प्रायमर, यांतलं एक जरी बदललं तरी मी पुन्हा तळापासून सुरुवात करतो.

ओतण्याच्या जागी पाण्याचा थेंबही नको. वितळलेल्या शिशाखाली थेंब गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि भांडं उसळतं. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, जस्त सुमारे ४२० ला. भंगारातल्या चाकांच्या वजनांत आता जस्ताची बरीच असतात, म्हणून आच मर्यादेत ठेवली की ती वर तरंगतात आणि पळीने काढून टाकता येतात. मेणाचा तुकडा टाकून ढवळायचं, वरचा मळ काढायचा. दार-खिडक्या उघड्या ठेवायच्या, तिथे चहासुद्धा प्यायचा नाही आणि हात धुतल्याशिवाय घरातल्या मुलांना उचलून घ्यायचं नाही.

भरणीच्या टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. या मोठ्या पुंगळीत जलद जळणाऱ्या पिस्तुलाच्या दारूचं थोडंसं माप घालून हलकी भरणी करता येते, स्वस्तही पडते, पण तिथे एकाच पुंगळीत दोनदा माप पडलं तरी वरून कळत नाही. मी पुंगळी बरीचशी भरणारी दारू निवडतो. दुप्पट माप पडलं तर ती बाहेर सांडते. तरीही गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून विजेरीच्या उजेडात एकेकीत डोकावतो. या कामाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत.

मैदानावर वेगमापक लावतो. वेग म्हणजे दाब नव्हे, पण वेग पुस्तकाच्या आकड्याच्या पुढे पळू लागला तर दाबही पळतोय असं धरून मी तिथेच थांबतो. पुंगळीत मोकळी जागा असेल तर नळी आधी वर रोखून आणि आधी खाली रोखून, अशा दोन्ही तऱ्हांनी गोळ्या झाडतो. दारू बुडाशी आहे की गोळीशी, यावर वेग बराच हलतो असं दिसलं तर ती दारू माझ्या कामाची नाही. आवाज फुसका आला, धक्का जाणवलाच नाही, तर पुढची गोळी झाडायची नाही. रायफल रिकामी करून नळीतून दांडा घालून बघायचं. मध्ये अडकलेल्या गोळीमागे दुसरी आली तर नळी फुगते किंवा फुटते.

शंभर यार्डांवर पाच गोळ्या हाताच्या तळव्याएवढ्या जागेत पडल्या की माझं समाधान होतं. पुस्तकात अजून दोन-तीन ग्रेनचा वाव उरलेला असतो. तो तसाच राहू देतो. मग डब्यावर चिठ्ठी : गोळीचं वजन, मिश्रण, दारूचं नाव आणि माप, प्रायमर, तारीख, आणि लाल शाईत कोणत्या रायफलीसाठी ते. रुगरसाठी भरलेलं काडतूस स्प्रिंगफील्डमध्ये अडत नाही. माझ्या माघारी हा डबा कोणी उघडला तर त्याला माहिती देणारी तेवढी चिठ्ठीच असेल. चिठ्ठी निघून गेलेल्या डब्यातली काडतुसं मी कोणत्याच रायफलीत घालत नाही. गोळ्या उपसून काढतो, दारू फेकून देतो आणि शिसं पुन्हा भांड्यात टाकतो.