उलटी बाजू

लीड्सला लेकीकडे होते तेव्हा आठवड्यातली एक संध्याकाळ ठरलेली असायची. जेवणं आटोपली की भांडी तशीच ठेवून आम्ही दोघी टीव्हीसमोर बसायचो. 'द ग्रेट ब्रिटिश सूइंग बी', हौशी शिवणाऱ्यांची स्पर्धा. २०१३ साली बीबीसीवर सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे अलीकडचे काही भाग फार्सलीच्या सनी बँक मिल्समध्ये, म्हणजे लीड्सच्याच परिसरात चित्रित झालेत. जुनी लोकरीच्या कापडाची गिरणी. माग केव्हाच थांबले, आणि तिथेच पुन्हा शिवणयंत्रं घरघरली, याचं मला फार अप्रूप वाटायचं.

दर भागात तीन कामं असतात. दिलेल्या पॅटर्नवरून कपडा शिवायचा, एका कपड्यातून दुसराच काढायचा, आणि शेवटी खऱ्या माणसाच्या मापाचं शिवायचं. परीक्षक दोघं. लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या शिंपीपरंपरेतले पॅट्रिक ग्रँट, आणि सेंट्रल सेंट मार्टिन्समध्ये शिकवणाऱ्या एस्मी यंग. मी त्यांच्या चेहऱ्यांपेक्षा हातांकडेच बघायचे. पुतळ्यावरचा झगा आधी लांबून न्याहाळायचा, मग जवळ यायचं. चेन खालीवर करून बघायची. बोट टिपेवरून सावकाश फिरवायचं, कुठे चुणी पडलीय का. चौकटींचं कापड असेल तर शिवणीवर चौकटीला चौकट मिळालीय का ते बघायचं. आणि मग घेर उचलून आतली बाजू. तिथे माझा श्वास अडकायचा, जणू तो झगा मीच शिवला होता.

कारण आमच्या शिवणक्लासच्या बाई अशाच होत्या. ब्लाऊज घेऊन गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी उलटा कर." सुलट बाजूकडे त्या नंतर वळायच्या. मावसबहिणीच्या लग्नासाठी मी स्वतःचा पहिला रेशमी ब्लाऊज शिवला होता. आई छान म्हणाली, काकू छान म्हणाली, शेजारच्या वहिनींनी तर गळा कुणाकडून बेतून घेतलास म्हणून विचारलं. बाईंनी तो मला घालायला लावला आणि म्हणाल्या, "हात वर कर." मी हात वर केला, आणि अख्खा ब्लाऊज वर ओढला गेला. "बाह्यांची अदलाबदल केलीस. पुढचा मुंढा जास्त खोलगट असतो, तो मागे गेलाय. उसव."

मी रडले. रेशमावर सुईची भोकं राहतात, हे मला माहीत होतं. बाई समोर बसून राहिल्या, ब्लेडच्या टोकाने दुसऱ्या बाहीचा एकेक टाका त्यांनीच काढला. ती भोकं आजही आहेत, अगदी बारीक, जवळून पाहिल्यावरच दिसतील अशी. लग्नात मात्र मी हात उंचावून अक्षता टाकल्या.

आपल्याकडे 'नावं ठेवणं' हा शब्द इतका वापरला जातो की खोट दाखवणाराही त्यातच मोजला जातो. पण नावं ठेवायला कपडा उलटा करावा लागत नाही. ती लांबूनही ठेवता येतात. खोट दाखवायची तर जवळ जावं लागतं, वेळ द्यावा लागतो, आणि ती कशी काढायची हे स्वतःला यावं लागतं. ज्ञानेश्वरीला आपण टीका म्हणतो. एकेक ओळ हातात घेऊन तिचा अर्थ उलगडत जायचा, ती टीका. त्या शब्दाला आज नुसती दोष काढण्याची कळा आलीय, याचं मला खरंच वाईट वाटतं. एस्मीबाई एखादी बाही बोटांनी किंचित फिरवून दाखवतात, आणि शिवणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'अरे हो!' उमटतं, तेव्हा मला तो जुना अर्थ परत आल्यासारखा वाटतो.

चॅनल फोरवर कुंभारकामाचीही एक स्पर्धा असते, 'द ग्रेट पॉटरी थ्रो डाउन'. तिथले परीक्षक कीथ ब्रायमर जोन्स एखादं भांडं मनासारखं उतरलं की रडतात, अगदी डोळे पुसत. त्या रडण्याला किंमत आहे, कारण हाच माणूस जाड राहिलेली कड आणि भट्टीत गेलेला तडा तितक्याच सरळपणे दाखवतो. सगळ्यांनाच उभं राहून टाळ्या देणाऱ्या परीक्षकांचे कार्यक्रम मी मायदेशी खूप पाहिलेत. त्या टाळ्यांत स्पर्धकांच्या हाताला काय लागतं, हे मला कधीच कळलं नाही.

पण मीही तसंच वागले आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाईने घरी शिलाई सुरू केली होती. नवरा आजारी, गरज खरी. तिच्या ब्लाऊजना पाठीत घोळ यायचा. मी दर वेळी छान म्हणाले, वर शिलाईचे दहा रुपये जास्त दिले. मला वाटलं, मी तिला सांभाळतेय. गिऱ्हाइकं तिला काही बोलली नाहीत, परत आली नाहीत, एवढंच. वर्षभरात तिने मशीन विकली. पाठीचा टक्स कसा घ्यायचा हे मला येत होतं. दहा मिनिटांचं काम होतं.

परतायच्या आदल्या आठवड्यात लेकीने नातीसाठी फ्रॉक शिवला. आमचा कार्यक्रम सुरू असतानाच तिने तो माझ्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, "आई, कसा झालाय?" मी तो उलटा केला. गळपट्टी एका बाजूला ओढली गेली होती. गळ्याला कापड उरेब पडतं, ते शिवताना ताणलं गेलं होतं. मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग उठून तिने रिमोटने आवाज कमी केला, टाके उसवायचं ते छोटं हत्यार आणलं आणि माझ्याजवळ बसली. तिने कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं, मी पहिला टाका उचलला.