कावड वाहणाऱ्याची मजुरी

आयला आता माझं नावही आठवत नाही. डॉक्टर स्मृतिभ्रंश म्हणतो. विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत 'म्हातारीला चळ लागला' म्हणतात. ती कडी काढून रुळांकडे चालू लागते, म्हणून बायकोनं धुण्याभांड्याची चार घरं सोडली. तिचा पगार बुडाला. तो कुठल्याच कागदावर नाही.

श्रावणबाळ योजनेत पासष्टीच्या म्हाताऱ्यांना महिना १,५०० रुपये. अट ही, की घराचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं. म्हणजे दिवसाला सत्तावन्न रुपये! माझी नाक्यावरची हजेरीच त्याच्यावर जाते. योजनेला नाव श्रावणबाळाचं, पण कावड वाहणाऱ्याचा तिथं रकानाच नाही. उलट जुन्या पद्धतीनं आयकर भरणाऱ्याला साठीपुढच्या आईबापाच्या स्मृतिभ्रंशाच्या उपचारावर लाखापर्यंत वजावट आहे. ज्याच्याकडे आहे त्याचा खर्च मोजतात. आमची फक्त कमाई मोजतात.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या भत्त्याच्या बिलाची बाजू घेतली. बाळंतपणात काम थांबलं तरी बाईची चूल पेटावी, हे त्यामागचं तत्त्व. मग म्हातारपण सांभाळताना थांबलेल्या कामाला तेच का लागू नये? केरळात 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणाला खिळलेल्याला सांभाळणाऱ्यासाठी महिना ६०० रुपये ठरवलेत. सहाशेत काय येतं? पण तिथं सांभाळणाऱ्याची नोंद तरी होते.

दोस्तांनो, वस्तीत फॉर्म भरून द्यायला बसाल तेव्हा एक सवाल जास्तीचा विचारा: या घरात म्हाताऱ्यापायी कामावर जायचं कोण थांबलं? ती नावं वहीत लिहा. बहुतेक बायांचीच असतील. ती वही घेऊनच कचेरीवर जाऊ.