४७ ई/१५

सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे क्रमांकाने ओळखले जातात. आमच्या घरात जो होता तो ४७ ई/१५. एक इंचाला एक मैल या जुन्या प्रमाणावर काढलेला, मेट्रिक मापं येण्याआधीचा. अक्षांश-रेखांशांचा पाव अंश बाय पाव अंश एवढा तुकडा अशा एका नकाशावर मावतो. आपल्या भागात तो साधारण २६-२८ किलोमीटर लांब-रुंद भरतो. आमच्या तुकड्यात हरिश्चंद्रगड येतो, माळशेज घाट येतो, तोलार खिंड, खिरेश्वर आणि पाचनई येतात. कळसूबाई त्यात नाही. महाराष्ट्रातलं ते १६४६ मीटरचं सर्वोच्च टोक वरच्या अंगाला दुसऱ्या नकाशावर आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिकडेही जाऊन आले होते. राजगड, तोरणा, नाणेघाट, जीवधन सगळं पायांखालून गेलेलं. पण पुन्हा पुन्हा जावं असा मुलूख त्यांना एकच वाटला, आणि तो या कागदावर होता.

अण्णा ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. सुट्टी रविवारची. शनिवारी पाळी लवकर सुटली की कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी एसटी पकडायची, खुबी फाट्यावर उतरायचं, अंधारात चालत खिरेश्वर गाठायचं, नागेश्वराच्या देवळात अंग टाकायचं आणि उजाडताच खिंडीच्या वाटेला लागायचं. हा त्यांचा शिरस्ता. नकाशा त्यांना लग्नाआधी फोर्टातल्या जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर मिळाला. किनाऱ्यालगतच्या पट्ट्याचे नकाशे त्या काळात सहजासहजी हाती येत नसत. त्यामुळे घड्यांवर फाटत चाललेला तो कागद त्यांनी जिवापाड जपला.

मी सहावी-सातवीत असताना त्यांनी मला तो वाचायला शिकवला. आम्ही जमिनीवर पालथे पडायचो आणि ते पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाखवायचे. तपकिरी रेषा म्हणजे उंची. रेषा विरळ असतील तिथे चाल सोपी, दाट झाल्या की दम लागणार, आणि एकमेकींना चिकटून जाड पट्टा झाला की तिथे कडा. नकाशाच्या डाव्या कडेजवळ असा एक भरगच्च पट्टा होता. त्यावर बोट ठेवून अण्णा थांबायचे. तो कोकणकडा. पिवळा रंग शेतीचा, हिरवा रानाचा, तांबडा वस्त्यांचा आणि रस्त्यांचा. ओढे मात्र बहुतेक काळे.

"ओढा काळा का?" मी विचारलं होतं.

"निळा असेल तर बारा महिने पाणी. काळा म्हणजे पाऊस सरला की कोरडा. आता मोज बरं, आपल्याकडे निळे किती आहेत."

फार मोजावे लागलेच नाहीत. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो कोसळतो, पण काळ्या कातळाच्या उतारांवरून पाणी धावत खाली निघून जातं. फाल्गुन-चैत्रात त्याच डोंगरवाड्यांमधल्या बायका हंडे घेऊन मैलभर चालत असतात. पुस्तकात वाचून न कळलेली ही गोष्ट मला त्या काळ्या रेघांनी शिकवली. अण्णांचा डोंगरातला पहिला प्रश्न पाण्याचा असे, तो यामुळेच. खिरेश्वराच्या पलीकडे कुणी गुराखी भेटला तर रामराम झाल्यावर लगेच विचारायचे, "मामा, वरच्या टाक्यात पाणी आहे ना?"

मिळालेलं उत्तर ते नकाशावर लिहीत. शाई दमटपणाने पसरते म्हणून कायम पेन्सिल. वर्षानुवर्षांच्या नोंदी बारीक, सरळ अक्षरात, छापलेल्या नावांच्या मधल्या जागेत बसवलेल्या. "टाके. एप्रिलातही पाणी. गाळून घ्यावे." "इथे डावी धरावी. उजवी वाट गुरांची, झाडीत संपते." "दुपारी ऊन अंगावर." "या घरी भाकरी मिळते, पैसे घेत नाहीत, तांदूळ न्यावेत." या शेवटच्या नोंदीप्रमाणे त्यांच्या सॅकमध्ये दर खेपेस तांदळाची पुरचुंडी असायची. त्या घरातल्या आजींना आम्हा भावंडांची नावं, इयत्ता, कुणाला गोवर येऊन गेला हे सगळं ठाऊक होतं. गडावर जाताना अण्णा घर मागे सोडून जात नसत. वाटेत भेटेल त्याच्यापाशी ते आमच्याबद्दल बोलत, हे मला मोठी झाल्यावर त्या वाटेने गेले तेव्हा कळलं.

निघताना ते स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीखाली चिठ्ठी ठेवत: जाण्याची वाट, येण्याची वाट, परतीची वेळ. चिठ्ठीत नसलेल्या वाटेने उतरायचं नाही आणि दुपारी तीनला गड सोडायचा, हे त्यांचे दोन नियम. कोकणकड्यावरचा सूर्यास्त पाहायला माणसं कुठून कुठून येतात, पण मुक्काम नसेल तेव्हा अण्णा तो सोडून उतरू लागत. रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास जिन्यात बुटांचा आवाज येई आणि आई पिठलं गरम करायला उठे. काळजीनं ती कधी दारात उभी राहिली नाही. तशी वेळच अण्णांनी तिच्यावर आणली नाही.

कोकणकड्याच्या बाजूने गडावर येणारी नळीची वाट आहे. बेलपाड्याकडून निघते आणि दगडधोंड्यांनी भरलेल्या घळीतून सरळ वर चढते. वर दगड सुटला तर खालच्याला बाजूला व्हायला जागा नाही. लग्नाआधी मित्रांबरोबर अण्णा ती चढले होते. माझा थोरला भाऊ झाल्यावर तेच मित्र पुन्हा बोलवायला आले, तेव्हा त्यांनी नाही म्हटलं. नकाशावर त्या ठिकाणी तीन शब्द आहेत: "झाली. पुन्हा नाही." मी एकदा विचारलं, भीती वाटली का? ते म्हणाले, "चढताना नव्हती वाटली. आता तुम्ही आहात." त्यांच्या तोंडून प्रेमाचं याहून उघड वाक्य मी ऐकलेलं नाही.

पुढे घड्यांवर नकाशाचे तुकडे पडायला आले. तेव्हा आईने तिची जुनी सुती साडी फाडली, मैद्याची खळ शिजवली आणि नकाशाचे भाग मध्ये बोटभर फट ठेवून कापडावर चिकटवले. फट अशासाठी की घडी कापडावर पडावी, कागदावर पडू नये. ही युक्ती अण्णांनी सांगितली, काम आईने केलं. दोन दिवस तो पाटावर वजनाखाली वाळत होता. साडी पांढरी, निळ्या बुंदक्यांची. तेव्हापासून अण्णा गडावर नकाशा उघडत तेव्हा पुढून सह्याद्री दिसे आणि मागून आईची साडी. वाऱ्यात उलटा फडफडला की तो लांबूनही ओळखू येई.

गडाच्या पठारावर आणि खिंडीच्या वरच्या उतारांवर कारवी माजलेली असते. ती दर वर्षी फुलत नाही. सात वर्षं नुसती वाढते, मग एकदम सगळा डोंगर जांभळा होतो, बी धरते आणि मरते. नव्या रोपांचा पुढचा फेरा पुन्हा सात वर्षांचा. एका भाद्रपदात अण्णांना ती फुललेली सापडली. पुढच्याच रविवारी त्यांनी आम्हा सगळ्या भावंडांना नेलं. धाकटी खांद्यावर होती. नकाशाच्या त्या हिरव्या भागात नोंद आहे: "कारवी. धाकटी ५." त्याखाली त्यांनी मांडलेला हिशोब: "पुढची १२. मग १९. मग २६." मुलींची लग्नं कधी, मुलाची नोकरी कधी असे हिशोब घरोघर होतात. अण्णांनी पोरीचं वय कारवीच्या फुलोऱ्याने मोजलं आणि प्रत्येक फुलोऱ्याला तिला नेण्याचं ठरवून ठेवलं. कारवी काही घड्याळ लावून फुलत नाही, एखादं वर्ष मागेपुढे होतं. पण ते लक्ष ठेवून असत. बारा आणि एकोणीसला त्यांनी नेलं. सव्विसाव्याला तिने त्यांना नेलं.

नकाशाच्या खालच्या अंगाला पुष्पावती नदीचं खोरं आहे. छापील नकाशात तिथे पिवळी शेतं आहेत, तांबड्या ठिपक्यांच्या वस्त्या आहेत, बैलगाडीची वाट आहे. कुकडी प्रकल्पात पिंपळगाव जोगे धरण झालं आणि हे सगळं पाण्याखाली गेलं. खुबी फाट्यावरून खिरेश्वरला जाणारा माणूस आता धरणाच्या भिंतीवरून चालतो. अण्णांच्या ओळखीची काही घरं त्यात उठली. धरण भरलं त्या वर्षी पावसाळा संपताच ते तिथे गेले आणि काठाकाठाने चालत राहिले, जिथवर चालता आलं तिथवर. पाणी कुठल्या टेकाडापर्यंत आलं, कुठल्या ओढ्यात आत शिरलं, ते पाहून पेन्सिलीने नकाशावर रेघ ओढली. आतली नावं मात्र खोडली नाहीत. खोडरबर त्यांच्याकडे होता. "गावं होती ती होती," एवढंच म्हणाले.

आई गडावर कधी गेली नव्हती. तिला हौस होती, पण खिंडीच्या वर उभा कातळटप्पा आहे आणि उंचीवर तिला भोवळ येई. पुढे वनखात्याने की कुणी तिथे लोखंडी रेलिंग बसवलं. जुन्या भटक्यांना असलं लोखंड डोंगरावर खटकतं. अण्णांनाही खटकेल असं मला वाटलं होतं. त्या रविवारची त्यांची नोंद अशी: "रेलिंग लागले. हिला आणता येईल."

त्याच हिवाळ्यात आई गडावर गेली. अण्णा निवृत्त झाले होते, घाई नव्हती. रेलिंगला दोन्ही हातांनी धरून, खाली न बघता ती टप्पा चढली; अण्णा एक पायरी खाली, मागे. पुढच्या टेकाडांवर दर चढाला "आलं का?" आणि "हे एवढंच" असं चालू होतं. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ दिसलं तेव्हा ती पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसून रडली. चांगदेवांनी तत्त्वसार इथे लिहिला असं सांगतात, ते ऐकून तिने देवळाला पुन्हा हात जोडले. केदारेश्वराच्या गुहेत ती पाण्यात उतरली. चारांपैकी एकच खांब उभा राहिलेला, मधे भलंमोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं बर्फगार पाणी. तिने त्या पाण्यातून पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि अण्णा काठावर तिची शाल धरून उभे होते. उतरताना त्यांनी पाचनईची वाट धरली, कड्याच्या पोटाखालून ओढ्याकडेने जाणारी. तीच सर्वांत सोपी. खाली भाऊ जीप घेऊन थांबला होता. तेव्हा मात्र आईने विचारलंच, "अहो, ही वाट एवढी सोपी, मग रेलिंगची वाट का बघितलीत?" अण्णा म्हणाले, "चढून आलीस, हे तुला जन्मभर सांगता यावं म्हणून."

मागून येणाऱ्याची सोय लावून ठेवणं, हा त्यांच्या जगण्याचा कणा होता. डोंगरात ते पाण्याची जागा लिहून ठेवत आणि घरी आमच्या शिक्षणाचे पैसे वेळेआधी पोस्टात टाकत. दोन्ही कामं त्याच बारीक अक्षरात, तितक्याच मुकाट्याने. डोंगर आणि संसार यांत त्यांची ओढाताण झाली नाही याचं कारण मला यातच दिसतं. भटक्या माणसाच्या घरच्यांना पुष्कळ सोसावं लागतं असं म्हणतात. आमच्या वाट्याला त्यांचं भटकणं आलं.

गुडघ्यांनी साथ सोडल्यावर ते घरीच असत. भाचे-पुतणे फोनवर वाट दाखवायला येत. ते कौतुकाने बघत आणि विचारत, "यात पाणी कळतं का?" नेटवर्क खिंडीतच जातं, हे त्यांनी प्रत्येकाला सांगितलं. आणि प्रत्येकाकडून चिठ्ठी लिहून घेतली.

अण्णा गेले त्याला आता काही वर्षं झाली. सर्व्हे ऑफ इंडियाचे नवे नकाशे संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. मी त्या भागाचा उतरवला आणि दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. नव्यावर पिंपळगाव जोगे धरण निळ्या रंगात छापलेलं आहे. प्रमाण जुळवून मी ट्रेसिंग पेपरवर निळी कड उतरवली आणि अण्णांच्या रेघेवर ठेवली. पूर्वेच्या एका फाट्यात, जिथवर त्यांना जाता आलं नसावं, तिथे फरक आहे. बाकी दोन्ही रेघा एकमेकींवर बसतात. कंपास नाही, साखळी नाही, फक्त पायांनी मोजून काढलेली कड! कागदावर हात ठेवून मी किती तरी वेळ "अण्णा, बरोबर आली" असं म्हणत राहिले.

नकाशाच्या प्रती काढून आम्ही भावंडांनी वाटून घेतल्या. मुलं त्यांवर स्वतःच्या नोंदी करतात, पेन्सिलीनेच. मागच्या महिन्यात माझी भाची मैत्रिणींना घेऊन गडावर निघाली, तेव्हा सगळ्या आधी आईच्या पाया पडायला आल्या. आईला नकाशा वाचता येत नाही. तिने एकेकीचे बूट बघितले, पाण्याच्या बाटल्या मोजल्या, आणि म्हणाली, "खिंडीतून चढा, पाचनईला उतरा. तांदूळ घेतलेत का? आणि तीनला गड सोडायचा, आजोबांनी सांगून ठेवलंय."