अय्यारची झोळी

चारबागला दोन स्टेशनं शेजारी शेजारी आहेत. कॅलेंडरवर असतं ते लाल-पांढरं, घुमटांचं स्टेशन म्हणजे ‘बडी लाइन’, आणि त्याच्या कडेला साधंसं उभं आहे ती ‘छोटी लाइन’. रूळ कधीच रुंद झाले, पण इथल्या रिक्षावाल्यांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं. मुंबईची पुष्पक या छोट्या लाइनवरून सुटते. मी नाक्याकडच्या एका गल्लीत पंधरा वर्षं राहते आहे, आणि माझं माहेर या धाकट्या स्टेशनातून येतं-जातं. मेतकूट, भाजणी, दिवाळी अंक असं सगळं त्या वाटेनं येतं. इकडून जाते ती चिकनची कापडं, मोसमात दसहरीची पेटी आणि, मी अनुवादक असल्यामुळे, एखादं पुस्तक. कोणाला कोणतं पुस्तक द्यावं हे मला कळतं, असा माझा बरीच वर्षं समज होता.

मागच्या उन्हाळ्यात ताई आणि भाची आल्या. भाचीची नुकतीच दहावी झाली होती. भाऊजींना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. पोरगी बोलायची, जेवायची, भांडी विसळायची आणि उरलेल्या वेळात जाडजूड इंग्रजी पुस्तकांत डोकं घालून बसायची. बहुतेक पुस्तकांत सुरुवातीला नकाशा असायचा. तिसऱ्या दिवशी ताई मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, “हे काय वाचते ती? ड्रॅगन काय, जादूगार काय! घरात काय झालंय ते तिला नकोच आहे बघायला. तू एवढी शिकलीस, तिला काहीतरी चांगलं दे.”

मी ‘बनगरवाडी’ दिली. माडगूळकरांची ही कादंबरी मला फार आवडते. लहानशी आहे, भाषा स्वच्छ आहे, आणि एक पोरसवदा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर जातो म्हटल्यावर सोळा वर्षांच्या मुलीला परकं काही वाटायचं नाही, असा माझा हिशेब होता. तिनं एका रात्रीत वाचली आणि सकाळी चहाच्या वेळी माझ्यासमोर आणून ठेवली.

“छान आहे गं. पण कारभारी मरतो.”

“हो.”

“आणि दुष्काळ पडतो आणि सगळे गाव सोडून जातात.”

“हो.”

“मावशी, तू हे मुद्दाम दिलंस?”

मुद्दाम दिलं नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं. मी पुस्तकाचा विचार केला होता. भाषा, आकार, दर्जा सगळं पाहिलं होतं. ज्या घरातला कर्ता माणूस नुकताच गेला त्या घरातल्या मुलीच्या हातात मी काय देते आहे, हे मात्र पाहिलं नव्हतं. मी काहीतरी सारवासारव केली. तिनं ती ऐकून घेतली आणि आत जाऊन स्वतःचं एक पुस्तक आणून मला दिलं. “आता तू हे वाच.”

ते उर्सुला ले ग्विन यांचं ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’ होतं. मूळ पुस्तक 1968 सालचं. मी तौलनिक साहित्यात एम. ए. केलं. ले ग्विनचं नाव मला माहीत होतं, पुस्तक वाचलं नव्हतं. आमच्याकडे अशा पुस्तकांकडे ‘त्या गल्लीतलं’ म्हणून लांबून पाहायची पद्धत होती. गेड नावाचा मुलगा गर्वापायी एक छाया जगात सोडतो आणि ती त्याच्या मागे लागते, एवढी गोष्ट. मधे एका ठिकाणी तो होडी बांधणाऱ्या मित्राच्या आजारी पोराला वाचवायला जातो. जाऊ नये तिथपर्यंत, मेलेल्यांच्या मुलखाच्या वेशीपर्यंत, त्या पोराच्या मागे धावतो आणि त्याला परत आणू शकत नाही. भाचीच्या प्रतीत त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. आख्ख्या पुस्तकात तेवढाच.

मी ताईला ते पान दाखवलं नाही. “वाचू दे तिला, घरातलंच वाचतेय,” एवढंच म्हटलं. ताईला ते पटलं असेल असं नाही.

आता परतफेड करणं भाग होतं. तिच्या तोडीचं माझ्याकडे काय आहे, याचा मी दोन दिवस विचार करत होते, आणि उत्तर कपाटात उर्दूच्या खणात पडलेलं होतं. मुन्शी नवल किशोर यांनी 1858 साली याच शहरात छापखाना काढला. तिथून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘दास्तान-ए-अमीर हमजा’ छापली जाऊ लागली आणि पुढे तिचे छेचाळीस खंड झाले. त्यातला सगळ्यांत लाडका भाग ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे आणि पुढचे अहमद हुसेन कमर यांचे. हजरतगंजात नवल किशोर यांच्या नावाचा रस्ता आहे. मी त्यावरून भाजीची पिशवी घेऊन जाते. माझी प्रत पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयानं काढलेल्या पुनर्मुद्रणाची. उर्दू मी लखनौला आल्यावर शिकले. अजूनही बोट ठेवून वाचते.

जूनमधल्या लखनौत रात्री वीज गेली की गच्चीवर जाण्यावाचून इलाज नसतो. तिथे चटईवर बसून मी तिला होशरुबा सांगायला सुरुवात केली, उर्दूतून मराठीत, तिथल्या तिथे. होशरुबा म्हणजे भान हिरावून घेणारं. तिलिस्म म्हणजे जादूनं बांधलेला मुलूख. या मुलखाचे तीन भाग, जाहीर, बातिन आणि जुल्मात: उघडा, लपलेला आणि अंधाराचा. “जाहीर तर आपलाच शब्द आहे,” ती म्हणाली. आहेच. अफ्रासियाब हा तिथला जादूगारांचा बादशहा. आणि प्रत्येक तिलिस्माची एक गंमत असते. तो बांधला जातो तेव्हाच तो कोण मोडणार हेही ठरलेलं असतं.

“म्हणजे बांधणाऱ्याला माहीत असतं मोडणार म्हणून? तरी बांधतो?”

“तरी बांधतो.”

गाडं अडलं ते ‘अय्यार’वर. अमर अय्यार हा दास्तानचा खरा नायक. वेष पालटणारा, चोर, हेर, मित्रासाठी जीव टाकणारा आणि पैशाला हपापलेला. याला मराठीत काय म्हणायचं? हेर म्हटलं तर पगारी वाटतो. बहुरूपी दारात येऊन पैसे मागतो. ठकसेन वर्तमानपत्रातल्या मथळ्यात शोभतो. मी हे अंधारात मोठ्यानं बोलत होते. ती म्हणाली, “इरसाल म्हण ना.” इतकी वर्षं मी या धंद्यात आहे, पण मला सुचलं नव्हतं.

जाह आणि कमर आपण हे फारसीतून अनुवादित करतो आहोत असं सांगत. ती मूळ फारसी पोथी कुणाला सापडलेली नाही. हजारो पानांचा अनुवाद, आणि मूळ पुस्तकच नाही! माझ्या पेशातल्या माणसाला याहून मोठी चैन कल्पिता येत नाही.

चौथ्या रात्री तिनं विचारलं, “मराठीत असलं काही नाहीच का?”

याचं उत्तर मला पाठ होतं. आमच्या वर्गात ते एका तासात उरकलं जायचं. 1861 सालची हळबेशास्त्र्यांची ‘मुक्तामाला’, 1868 सालची रिसबुडांची ‘मंजुघोषा’, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून मराठीत आणायला घेतलेल्या अरबी गोष्टी. मग हरिभाऊ आपटे आले, कादंबरी वयात आली, अद्भुत मागे पडलं. म्हणजे जादू हा एक आजार होता आणि मराठी त्यातून बरी झाली. परीक्षेत मी हे लिहून गुण मिळवले आहेत. गच्चीवर तिच्यासमोर मात्र म्हणवेना.

म्हणून नाथमाधवांचं सांगितलं. ‘वीरधवल’ लिहिणारे द्वारकानाथ माधव पितळे. तरुणपणी सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून पडले आणि कमरेखालचं शरीर कायमचं गेलं. अंथरुणावर पडल्या पडल्या वाचत सुटले आणि मग लिहीत सुटले. पळणं, घोडे, भुयारं, तट चढणं हे सगळं त्या खाटेवरून. ‘वीरधवल’ आज वाचताना काही ठिकाणी लांबण लागते, स्त्रिया फार वेळा मूर्च्छित पडतात, हेही तिला सांगितलं. “असू दे,” ती म्हणाली, “मी ती पानं उडवीन.”

तुमच्या घरात असं कुणी असेल तर माझी शिफारस आता अशी आहे. उर्दू लिपी येत नसेल तर होशरुबाच्या पहिल्या भागाचा मुशर्रफ अली फारुकी यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आहे, 2009 सालचा. त्याआधी हिंदीत देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ वाचावी. ऐयार तिथेही आहेत, आणि मराठी वाचकाला लिपीचीही अडचण नाही. खत्री चकिया-नौगढच्या जंगलात ठेकेदार होते. तिथले पडके किल्ले कादंबरीत जसेच्या तसे उतरले आहेत. ‘बनगरवाडी’ही द्याच. फक्त आधी माणसाकडे एकदा बघा.

त्या दोघी निघाल्या त्या संध्याकाळी ताईनं दसहरीची पेटी बाकाखाली सरकवली आणि मला म्हणाली, “तिला ते वीरधवल की काय ते पाठव. मीही बघेन.” भाचीनं अर्थसी माझ्याकडेच राहू दिलं.

रात्री एकच्या सुमाराला, गाडी झाशीच्या आसपास असताना, तिचा मेसेज आला. अमर अय्यारच्या झंबीलबद्दल होता. झंबील म्हणजे त्याची झोळी. तिच्यात काहीही मावतं.

“माणसंपण मावतात ना त्यात? मग बाहेर येतात का परत?”

मी उठून दिवा लावला, पुस्तक काढलं आणि बोट ठेवून शोधायला लागले.