काळाला न भिणारं गाणं

सँडी डेनी हे नाव मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं, आणि आता भेटेल त्याला मी तिच्याबद्दलच सांगत सुटलोय! आमचा बेसवाला म्हणाला, “फोक-रॉक वाजवतोस आणि फेअरपोर्ट कन्व्हेन्शन ऐकलं नाहीस?” आणि त्यानं लावलं या बँडचं, सँडीनं लिहिलेलं आणि गायलेलं ‘हू नोज व्हेअर द टाइम गोज’. 1969 च्या ‘अनहाफब्रिकिंग’ अल्बममधलं. मी गिटारवाला, त्यामुळे कान आधी रिचर्ड थॉम्प्सनच्या गिटारकडे धावले. मग शब्द कळायला लागले, आणि गिटार राहिली बाजूला!

तीन कडवी, बस्स. पहिल्यात संध्याकाळच्या आभाळातून पक्षी निघालेत. जायची वेळ झाली हे त्यांना कळतं कसं, याचं तिला नवल. ती स्वतः ऐन हिवाळ्यात विस्तवापुढे स्वप्नं बघत बसलेली, काळाचा विचारही मनात नाही. दुसऱ्यात ओसाड किनारा, आणि पक्ष्यांच्या जागी चंचल मित्र. तेही निघालेत, पण आता नवल नाही. त्यांची वेळ झालीय हे किनाऱ्याला माहीत आहे. ती मात्र हलणार नाही, काळ मोजणार नाही. तिसऱ्यात प्रेमाचं माणूस जवळ आहे, आणि निघायची ती वेळ आपलीही येणार हे ती जाता जाता, सहज बोलून जाते! म्हणजे आधी पक्षी, मग मित्र, मग आपण. येऊ देत वादळं, वसंतात पक्षी पुन्हा येतीलच. आता काळाची भीतीच उरलेली नाही. विचार नाही, मोजदाद नाही, भीती नाही. कशी पायरी पायरीनं चढलीय बघा!

आणि ध्रुवपद! ख्यालाचा मुखडा दर वेळी तोच असतो, पण आधी काय घडलं त्यावर त्याचा रंग ठरतो ना, अगदी तसं. काळाबद्दलचा तोच प्रश्न पहिल्या कडव्यात हुरहूर लावतो आणि तिसऱ्यात चक्क निवांत वाटतो. पहिल्या दोन कडव्यांत तो लागोपाठ दोनदा येतो. शेवटी मात्र पहिल्या वेळी काळाच्या जागी ती प्रेम ठेवते. बदल एवढाच! मी उठून उभाच राहिलो.

हे लिहिलं तेव्हा बाई जेमतेम विशीची. 1967 सालचं, नुसत्या गिटारवर गायलेलं तिचं ध्वनिमुद्रणही सापडतं. तिचं हे गाणं आधी ज्युडी कॉलिन्सनं 1968 मध्ये रेकॉर्ड केलं, पुढे निना सिमोननंही गायलं. ‘अनहाफब्रिकिंग’ बाजारात येण्याआधीच फेअरपोर्टचा 19 वर्षांचा ड्रमर मार्टिन लँबल अपघातात गेला. सँडी स्वतः 1978 मध्ये गेली, 31 व्या वर्षी. लोक हे सांगून गाण्याला हळवं करतात. मला ते पटत नाही. ही माहिती नसतानाही शब्द तितकेच भक्कम उभे होते.

तुम्ही ऐकलं नसेल तर आजच ऐका. आधी फेअरपोर्टचं, निना सिमोनचं नंतर. आणि कृपा करून भांडी घासता घासता नको, शब्द समोर ठेवून ऐका.